यंदा काटा आला नाही

थंडी पडली हे सोलापुरात सगळ्यांच्या आधी आमच्या घरमालकांना कळायचं. आता सोलापूरची थंडी ती केवढी! दुपारी डोक्यावर ऊन असतंच. पहाटेचे तीन-चार तास काय ते अंगावर शाल ओढावीशी वाटते. पण त्या तीन-चार तासांची हा माणूस वर्षभर वाट बघायचा. दिवाळी झाली की माकडटोपी चढवून रोज पहाटे गच्चीवर. कठड्याला सुतळीने एक थर्मामीटर बांधलेला होता. एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं सहायक म्हणून काढली होती, आणि निरोपाच्या दिवशी शाल-नारळ नको म्हणून तेवढा थर्मामीटर मागून घेतला होता. मनासारखा पारा उतरला की ते खाली येताना आमच्या दारावर दोन थापा मारायचे आणि एकच शब्द बोलायचे, "पडली."

पहिल्या वर्षी मी घाबरून केस तसेच मोकळे ठेवून बाहेर धावले. "कोण पडलं काका?"

"थंडी," ते म्हणाले. "पोरीचं मनगट मोजायचंय. दहा वाजता खाली घेऊन ये."

त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. माझे यजमान शाळेत शिक्षक, मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, मुलगी दीड वर्षाची. काकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गल्लीत सगळेच त्यांना काका म्हणायचे, म्हणून आम्हीही. भाडं वेळेवर द्यावं, जिन्यात चपला काढू नयेत, एवढ्याच त्यांच्या अटी होत्या. मनगट मोजण्याचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

दहाला खाली गेले तर अंगणात सतरंजी घातलेली आणि तिच्यावर गल्लीतली सात-आठ मुलं ओळीने बसलेली. नाताळची सुट्टी लागली होती. काका पुढ्यात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, कात्री आणि कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन बसले होते. एकेका मुलाला समोर बोलवायचे, दोऱ्याने मनगट, गळा, कंबर, डोकं मोजायचे, दोरा कापायचे आणि त्याला नावाची चिठ्ठी बांधायचे. गंमत म्हणजे मोठ्या माणसांना ते सरसकट अरे-तुरे करायचे आणि मुलांना अहो-जाहो. "या, बसा. हात पुढं करा. वा! आता मान वर." माझी मुलगी परक्या माणसाला बघून रडायची. त्या दिवशी तिने मुकाट्याने हात पुढे केला. मागून एक शेजारीण आपल्या नातीला कडेवर घेऊन आली, "काका, हमारे मुन्नी का बी नाप लेव ना." काका तिच्यावर खेकसले, "लाईनमध्ये बस. पोरीला पुढं पाठव." आणि मुन्नीला म्हणाले, "या बाईसाहेब."

हे सगळं चालायचं हलव्याच्या दागिन्यांसाठी. संक्रांत झाली की घरोघरी लहान मुलांना काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. ते दागिने बायका करतात किंवा बाजारातून आणतात. आमच्या गल्लीतल्या मुलांचे दागिने काका करायचे. नुसतं ओवायचं काम नाही, हलवासुद्धा घरचा.

हलवा करायला बसले की पाच-सहा दिवस त्यांचं बोलणं बंद. दाराला पाटी टांगलेली असायची, 'काम चालू आहे.' आत मंद कोळशाची शेगडी, तिच्यावर कल्हई केलेली तांब्याची परात, परातीत तीळ. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. पहाटे चारला बसायचे ते ऊन वर येईपर्यंत. बाहेर गारठा पाहिजे, परात कोमट पाहिजे, आणि बोटाला घाई नको, मगच हलव्याला काटा येतो. काटा म्हणजे दाण्यावर उभे राहिलेले साखरेचे बारीक टोकदार कण. त्यांचा एक-एक दाणा बघत राहावा असा असायचा. बोटांची टोकं मात्र त्या दिवसांत लाल व्हायची आणि ते दुपारी ती थंड पाण्याच्या वाटीत बुडवून बसायचे.

मी एकदा विचारलं, "एवढा खटाटोप कशाला काका? नवी पेठेत मिळतात की तयार."

"घाई असेल तर बाजारात मिळतं," ते म्हणाले.

हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. पापड, लोणचं, कशाबद्दलही ते हेच म्हणायचे. माझ्या यजमानांनी तयार शर्ट घेतला तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं. दुसरी त्यांची चीड 'बहुतेक' या शब्दावर. नळाला पाणी येईल का असं त्यांनी विचारलं आणि आपण 'बहुतेक' म्हणालो, की संपलं. "बहुतेक म्हणजे काय? हो का नाही? माहीत नसेल तर माहीत नाही म्हण."

आणि दागिन्यांबद्दल त्यांचा एक कायदा होता. बोरन्हाण झालं की ते मुलांनी तोडायचे आणि खायचे. त्याच दिवशी. पलीकडच्या एका घराने मुलाचा हार काचेच्या फ्रेममध्ये बसवून हॉलमध्ये लावला होता. काका तिथे चहाला गेले, फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले. घरातल्यांना वाटलं, खूश झाले. ते म्हणाले, "निदान मुंग्यांना तरी लागू दिला असतास." आणि चहा न घेता निघून आले. स्वतः मात्र ते कुठल्याच बोरन्हाणाला जायचे नाहीत. बायकांच्या कार्यक्रमात माझं काय काम, म्हणायचे. मुलं संध्याकाळी तोंडाला साखर लागलेली अंगणात आली, की ते खिडकीतून बघायचे. तेवढंच त्यांचं.

सुट्टीतल्या एका रविवारी ते गल्लीतली सगळी मुलं आणि आम्हा आईबापांना हुरड्याला न्यायचे. मैंदर्गीच्या बाजूला त्यांच्या एका मित्राचं शेत होतं. तो आम्ही बांधावर दिसलो की कानडीत "बर्री, बर्री", या या, करत पुढे यायचा. शेणकुटांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजायची, गरम कणसं चोळून हुरडा काढायचा, सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. तिथेही काकांचा कायदा. मुलांची पोटं भरेपर्यंत मोठ्यांनी तोंडात दाणा टाकायचा नाही, आणि ताटली कुणालाच नाही, तळहातावर घ्यायचा. माझे यजमान भुकेला कच्चे. एकदा त्यांनी पाठ वळवून गुपचूप मूठभर तोंडात टाकला, तर काका सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, तुमचं पोट मुलांच्या आधी भरलं वाटतं." 'तुम्ही' म्हणाले म्हणजे चिडले, हे आम्हाला तोवर कळायला लागलं होतं. सगळे हसलो. यजमानही हसले. त्या वर्षी मुलगी काकांच्या मांडीवर बसून होती आणि ते तिला तळहातावर फुंकर मारून कोंडा उडवून दाखवत होते.

तिथेच मी काकांना विचारलं की हलव्याचं काम शिकले कुठे.

"आईचं," ते म्हणाले. "बहिणीला शिकवायला बसायची. बहीण पळून जायची खेळायला. मी तिथंच बसलेला असायचो, मग मलाच आलं." हातातलं कणीस चोळत म्हणाले, "शाळेत सर लोक प्रयोग दाखवायचे, टाळ्या त्यांना. सामान मी मांडायचो, काचा मी धुवायचो. इथं तसं नाही. इथं पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं."

मी ते ऐकलं होतं. म्हणजे पुढे मी जे केलं, ते न कळून केलं असं म्हणायची सोय मला नाही.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या वर्षी तिच्या पाठीवर झालेल्या माझ्या मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं. त्याआधीच्या पावसाळ्यात काका आजारी पडले होते. उठले, पण बोटांना कंप आला. चहा घेताना बशी वाजायची. मला ते ऐकू यायचं, मी कधी विषय काढला नाही. त्यात त्या डिसेंबरला थंडीच पडेना. पहाटे त्यांची पावलं वर जाताना ऐकू यायची, परत खाली उतरताना ऐकू यायची, दारावर थाप नाही. सुट्टी संपत आली तेव्हा एकदाची थाप पडली. मी दार उघडलं. काका उभे होते.

"पडली," ते म्हणाले. मग नजर दुसरीकडे वळवून, "बहुतेक."

मी हसले. मला वाटलं, गंमत करताहेत.

बोरन्हाणाला आम्ही जवळचाच एक छोटा हॉल घेतला होता. यजमानांचे शाळेतले मित्र, त्यांची बायकामुलं, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी, पुण्याहून नणंद. फोटोवाला सांगितला होता, मागे पतंगांची सजावट. आदल्या दिवशी दुपारी काका वर आले. हातात बुटांचा खोका, आत धुतलेलं मलमल अंथरून त्यावर दागिने मांडलेले.

"यंदा काटा आला नाही," ते म्हणाले. "थंडी नीट नव्हती."

एवढं बोलून ते लगेच खाली गेले. एरवी ते प्रत्येक दागिना हातात घेऊन दाखवायचे, कुठून बांधायचा, कुठे ओढायचा नाही.

दाणे गुळगुळीत होते, पिवळट. काही एकमेकांना चिकटलेले. मुकुट एका बाजूला कलला होता, हाराच्या गाठी कुठे जवळ, कुठे लांब. नणंद म्हणाली, "वहिनी, फोटोत मळकट दिसतील हो." ती तेवढंच म्हणाली. पुढचं सगळं मीच केलं. संध्याकाळी नवी पेठेत जाऊन पांढराशुभ्र तयार संच आणला. बासरीला मोरपीस, मुकुटाला मोती. काकांचा खोका कपाटात साड्यांवर ठेवला. मुलगी बघत होती. तिला सांगितलं, "काकांना बोलू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल." ते काही बोरन्हाणाला येत नाहीत, त्यांना कळायचं कारण नाही, असा माझा हिशेब.

ते आले.

कार्यक्रम अर्ध्यावर आला होता. मुलगा पाटावर बसला होता, बोरं ओतून झाली होती, मुलं चॉकलेटांवर तुटून पडली होती. दारात काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी नाही. मी त्यांना कधी टोपीशिवाय हिवाळ्यात बघितलं नव्हतं. शर्टाच्या खिशात दोऱ्याचं रीळ दिसत होतं आणि खिशाच्या पट्टीला सुई टोचलेली होती. गाठी सुटल्या तर तिथल्या तिथे ओवून द्यायला आले होते.

त्यांनी मुलाकडे बघितलं. मी त्यांच्याकडे जात असताना मनात जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "काका, हे नुसते फोटोसाठी. तुमचे उद्या घरी घालणार आहे, नीट, शांतपणे. इथे गर्दीत तुटले असते."

वाटलं, आता म्हणतील, घाई असेल तर बाजारात मिळतं. चारचौघांत म्हणाले असते तरी मला चाललं असतं. मी तयारच होते.

"छान केलंत तुम्ही," ते म्हणाले. "पांढरं शुभ्र आहे."

मग ते खुर्चीवर बसले. कुणीतरी ताटली दिली, ती त्यांनी सगळी संपवली. ढोकळासुद्धा, जो त्यांना आवडायचा नाही. फोटोवाल्याने सगळ्यांना बोलावलं तेव्हा उठून मागच्या रांगेत उभे राहिले. त्या फोटोत ते आहेत. खिशावर हात ठेवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी नणंद होती, तिला सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर न्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी ऑफिस. चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर साड्यांवर मुंग्यांची रांग. मी खोका जुन्या पेपरात गुंडाळून घंटागाडीत टाकला, काका अंगणात नाहीत बघून.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी बाल्कनीतून बघितलं, फाटकाशी भंगारवाला उभा होता. काकांनी त्याला ती शेगडी दिली आणि परात दिली. परात त्याने उलटी करून वाजवून बघितली. मी खाली जाऊन म्हणू शकले असते, काका, हे काय, मला द्या ती. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले.

त्यानंतर ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. अरे-तुरे तेवढं पुन्हा आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात गच्चीवर जाणं बंद. मुलं सुट्टीत अंगणात घुटमळायची, तेव्हा म्हणायचे, "आता गुडघे ऐकत नाहीत हो आमचे." पुढे त्यांची भाची त्यांना सांगोल्याला घेऊन गेली. आम्हीही फ्लॅट घेतला आणि ती गल्ली सोडली.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत मी मुलाला घेऊन सांगोल्याला गेले. मुलगी क्लासमुळे आली नाही. मनाशी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. भाचीचं घर गावाबाहेर, मागे डाळिंबाची बाग, अंगणात शेळ्या. भाची मोकळी बाई. "या की ताई. मामा हितंच हायत, उनात बसल्यात. पर ऐकू न्हाय येत आता. लई मोठ्यानं बोलावं लागतंय."

काका बाजेवर बसले होते. वाळले होते. मला ओळखलं. मुलाला म्हणाले, "या, बसा. कितवीत तुम्ही?"

मी जवळ बसले आणि हळू आवाजात सुरुवात केली. त्यांनी कानाला हात लावला. "काय?"

"त्या वर्षीचे दागिने, काका."

"काय म्हणता?"

"दागिने! मी मुलाला घातलेच नाहीत! दुसऱ्या दिवशीपण नाहीत! मी खोटं बोलले!"

भाची चुलीपासून उठून दारात आली. तिची सासू शेळीला पाला घालता घालता थांबली. मुलगा माझ्याकडे बघत होता. घरी आरशासमोर जुळवलेलं ते सगळं मला त्या अंगणात ओरडून सांगावं लागलं.

काका म्हणाले, "माहीत आहे."

"तुम्हाला फार लागलं असेल."

"नाही, नाही," ते म्हणाले. "काटाच नव्हता. मला दिसत नव्हता का? तुम्ही बरोबर केलंत. मी घरी आलो, गाढ झोपलो. तुम्हाला वाटतंय तेवढं काही झालं नाही."

परात भंगारात जाताना मी बघितली होती. तरी मी मान हलवली आणि डोळे पुसले. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. भाचीने चहा आणला, भाकरी आणि शेंगाचटणी खायला लावली, डाळिंबं पिशवीत भरून दिली. स्टँडपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "परत या की ताई. मामांकडं कोण येत न्हाय. तुमी आलात, तर बघा, दोन घास जास्त जेवलं." मी म्हणाले, पुढच्या सुट्टीत नक्की, मुलीला घेऊन.

बस सुटल्यावर आठवलं. तो खोका टाकायच्या आधी मी उघडून बघितला होता. हार होता, मुकुट होता, बाजूबंद होते. बासरीची मात्र नुसती तार उरली होती, एकही दाणा नव्हता. मुंग्या एवढं नेत नाहीत. मुलीला दरडावून विचारलं तर ती म्हणाली, "मी खाल्ले. रोज थोडे थोडे. काका म्हणतात ना, खायचे असतात." वर म्हणाली, "विकतच्यापेक्षा छान होते." तेव्हा मी तिला रागावले होते, कपाट उघडलं म्हणून.

एवढा रस्ता तुडवून गेले, आणि हे सांगायचं राहिलं. माझी चूक ओरडून सांगताना मला तीच मोठी वाटत होती. त्यांना जे ऐकायला आवडलं असतं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

फोनवर त्यांना ऐकू येत नाही. भाचीकडे निरोप देता येईल, पण तो त्यांच्या कानाशी जाऊन, मुलीला पुढे बसवून सांगायला हवा. गेल्या सुट्टीत मुलीची परीक्षा तोंडावर होती. या सुट्टीत मित्रमंडळींबरोबर गोव्याचं ठरलं, चार कुटुंबं, मुलांनी हट्टच धरला होता. परवा परत आलो. भाचीचा मेसेज येऊन पडला होता, 'मामा बरे हायत. तुमची आठवण काढत्यात.'

सांगोल्याला जायला दोन तास लागतात, यायला दोन. हे एवढं लिहायला मला दोन दुपारी लागल्या.